कार्डावर आहे ते सगळं

९ जून

प्रिय वन्सं,

‘वन्सं’ म्हटलेलं तुला आवडत नाही हे मला ठाऊक आहे. माझं लग्न झालं तेव्हा तू फ्रॉकात होतीस, आणि मी म्हणे तुला वन्सं म्हणायचं! पण नणंद ती नणंद. शिवाय सध्या काम तुझ्याकडे आहे, तेव्हा मान द्यायलाच हवा.

तू लावून दिलेलं ते संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर आता माझ्याशी बरं वागायला लागलंय. सुरुवातीला आमचं मुळीच जमत नव्हतं. मी लेखकाच्या रकान्यात पुस्तकाचं नाव घातलं, तर त्याने मुकाट्याने घेतलं. वर्गात कुणी असं केलं असतं तर मी पट्टी आपटली असती. याला काही वाटतच नाही. मग प्रबंधाच्या शेवटी पाहते तर ‘शालेय आसनव्यवस्था’ नावाच्या गृहस्थांनी ‘सुधारित आवृत्ती’ नावाचा ग्रंथ लिहिलेला! आता मात्र कळ दाबली की वाक्याशेजारी संदर्भ येऊन बसतो आणि शेवटची सूची आपली आपण अकारविल्हे लागते. तुझ्या दादाने कार्डं अकारविल्हे लावण्यात किती रविवार घालवले असतील, विचार करते आणि हसू येतं. मग हसू जातं.

लोक मला विचारतात, बाई, या वयात पीएचडी कशाला? मी म्हणते, माझ्या नवऱ्याने शाळेच्या बाकांविषयीच्या लेखांची जन्मभर कार्डं जमवली आणि एक पान लिहिलं नाही. मी त्याच बाकांसमोर जन्मभर उभी राहिले. मी नाही लिहिणार तर कोण? ते गेल्यापासून ती खोकी कपाटावर होती. दर सफाईला खाली उतरवायची, पुसायची, परत वर. यंदा उतरवली ती टेबलावरच ठेवली, ह्यांच्या टेबलावर. खुर्चीही त्यांचीच घेतली आहे. तिचा एक हात डुगडुगतो, त्याखाली ते घडी केलेला कागद ठेवायचे. मला वाटायचं, बाकांच्या उंचीवर एवढं वाचणाऱ्या माणसाला स्वतःची खुर्ची का दुरुस्त करता येऊ नये?

माझ्या मार्गदर्शक बाई म्हणजे माझीच जुनी विद्यार्थिनी. तिसरीत खिडकीजवळ बसून सारखी पाय हलवायची. आता ती टेबलापलीकडे आणि मी अलीकडे पाय हलवत बसते. जुलैअखेर प्रबंध द्यायचा आहे. नाहीतर नोंदणी रद्द होईल असं ती मला तिसरीतल्या मुलीला सांगावं तसं सांगते.

एक विचारायचंय. कार्डावर लेखक, शीर्षक, साल, पानं तर आहेतच, पण खाली आणखीही काहीबाही लिहिलेलं आहे. तेही भरायचं का? लवकर कळव. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि पडद्यावरचं लांबलचक वाचून माझे डोळे पाण्याने भरतात, तेव्हा आपलं हे पाकीटच बरं.

तुझी
वहिनी

•

१७ जून

प्रिय वहिनी,

माझ्या पोरी (ग्रंथालयातल्या, दुसऱ्या कुठल्या असणार!) म्हणतात, मॅडम, तुम्हाला अजून हाताने लिहिलेली पत्रं येतात? मी ऐटीत म्हणते, हो, आणि तीही संगणकाबद्दल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: कार्डावर आहे ते सगळं भर. जसंच्या तसं. काही गाळू नकोस. संशोधक हमखास म्हणतात, हे नको, ते नको, आणि शेवटी पान क्रमांकासाठी माझ्यापुढे रडत येतात. एकदा सगळं नीट भरलं की कार्डांचं काम संपलं. आपला संग्रह सामायिक आहे, तू तिकडे भरलेलं क्षणात इथे येतं. दुपारी काउंटरवर सामसूम असली की मी उघडून यादी बघते. नुसती लेखकांची आणि शीर्षकांची रांग दिसते. नोंदी उघडून लुडबुड करत नाही. पण आज वहिनीने किती भरलं एवढं कळलं तरी शेजारी बसल्यासारखं वाटतं.

काल ‘बाक आणि पाठीचा कणा’ दिसला आणि मी एकदम तळघरात गेले. म्हणजे मनाने. माझी पहिली नोकरी, आठवतं? तळघरात एकच झेरॉक्स मशीन होतं, ते तापलं की रुसायचं. मग मी त्याचं झाकण उघडून वहीने वारा घालायचे. दादाची चिठ्ठी आली की जेवणाच्या सुट्टीत त्याचा लेख काढायचा, पाकिटात घालायचा, सोबत कागदावर घरच्या गप्पा लिहायच्या. कोण रजेवर गेलं, भाड्याच्या खोलीतल्या नळाला पाणी आलं की नाही, मालकीणबाई माझे पाहुणे कसे मोजतात. त्याचं उत्तर चार ओळींचं, आणि त्यातल्या तीन पुढच्या लेखाच्या. आज माझ्याकडे पाच मशीनं आहेत आणि कुणाला झेरॉक्स नको असते. पुढे त्यानेही मागणं बंद केलं. असो.

डोळ्यांना जप. सलग बसू नकोस.

धाकटी

•

२ ऑगस्ट

प्रिय वन्सं,

तुला एक गंमत सांगायची आहे. ती गंमत आहे की नाही ते अजून ठरलेलं नाही.

प्रबंध मुदतीत दिला. चार प्रती, काळी बांधणी, वर सोनेरी अक्षरं. मी दुकानातून घरी आणून टेबलावर ठेवल्या आणि बराच वेळ नुसती बघत बसले. मग नेऊन दिल्या. परवा समितीपुढे बोलावणं आलं. लांबट खोली, मध्ये टेबल, पंखा कुरकुरतोय. मार्गदर्शक बाई आणि दोन प्राध्यापक. सगळ्यांनी प्रबंध शेवटून उघडलेले. मला वाटलं, वा, सूची बघताहेत, तीच तर माझी सगळ्यात देखणी!

बाईंनी घसा साफ केला आणि वाचलं. लेखक, शीर्षक, साल, पानं, आणि त्यापुढे: ‘लेखक स्वतः कधी बाकावर बसलेला दिसत नाही.’ मग दुसरी नोंद: ‘पुष्कळ पानं, ऐवज एक परिच्छेद.’ मग तिसरी: ‘चांगला लेख. वाचताना दूध उतू गेलं. ही बोलत नाहीये.’

“बाई,” ती म्हणाली, “ही म्हणजे कोण?”

“मी,” मी म्हटलं.

एक प्राध्यापक इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

हे काहीबाही म्हणजे काय ते मी तुला तेव्हा मुद्दाम सांगितलं नव्हतं. प्रत्येक कार्डाच्या तळाशी ह्यांचा एक शेरा आहे, वाचल्याच्या सालासकट. लेखावर, नाहीतर घरावर, नाहीतर दोन्हींवर, कधी नुसते दोन शब्द. ‘हिला ताप, अर्धाच वाचला.’ ‘आज गच्चीवर बसून वाचलं, वारा फार, मुद्दे उडाले.’ मी ह्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली आणि ही कार्डं कधी उलगडून पाहिली नाहीत. नुसती पुसली. भरायला बसले आणि माझा संसार मला अकारविल्हे वाचायला मिळाला. एक वर्ष इथे, दुसरं तिथे. म्हणून वेळ लागत होता. म्हणून डोळ्यांना पाणी. तू म्हणालीस सगळं भर, मी ‘इतर माहिती’ असा रकाना दिसला त्यात भरलं. तुला सांगितलं असतं तर तू लगेच वाचायला घेतली असतीस, आणि मला ती थोडे दिवस माझ्या एकटीचीच हवी होती. हा आपला माझा आपमतलबीपणा.

आता बाईंचं म्हणणं, महिनाअखेर साफ सूची जोडून नव्या प्रती द्या, नाहीतर प्रबंध पुढे जाणार नाही. कार्यालयाने उत्साहाने एक जुनी प्रत बाहेरगावच्या परीक्षकांकडे धाडलीसुद्धा, त्यांनाही नवी पाठवायची. शेरे छापायचे नाहीत पण आत राहू द्यायचे, असं काही करता येतं का? कसं ते लिही, मी सावकाश करीन.

तुझी
वहिनी

•

९ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

मी काउंटरवर मोठ्याने हसले. ग्रंथालयात! वर माझ्याच हाताने लावलेली ‘शांतता राखा’ची पाटी.

दूध उतू गेलं, ही बोलत नाहीये. अगदी तोच. मला त्याचा आवाज आला, वहिनी. खाली मान घालून, चष्म्यावरून बघत. कितीतरी दिवसांनी आला.

चूक तुझी नाही. तुझ्या विद्यापीठाला सूचीची जी शैली लागते ती नेमका तोच रकाना छापते. शेजारी ‘टीप’ म्हणून रकाना आहे, तो कधीच छापला जात नाही. पण तुला आता शेकडो नोंदी उघडून एकेक शेरा हलवायला सांगितलं तर तुझे डोळे मला शाप देतील. म्हणून पत्र मिळताच मी इथूनच काम उरकलं. आमच्याकडच्या संगणकवाल्याने एक युक्ती शिकवली आहे, तिने सगळ्या नोंदींतला तो रकाना एका झटक्यात रिकामा होतो. आता तू प्रबंध उघडशील तेव्हा सूची आपोआप साफ झालेली असेल. छाप आणि नेऊन दे.

शेरे मी वाचले नाहीत. मोह फार झाला. पण पडद्यावर, त्या एकसारख्या अक्षरात का वाचायचे? मला त्याच्या अक्षरात वाचायचे आहेत, त्याच्या त्या उजवीकडे कललेल्या ‘र’सकट. ऑक्टोबरात रजा टाकते. तू खोकी काढून ठेव. आपण दोघी जमिनीवर बसू, कार्डं पसरू, आणि तू दर कार्डाला सांग की तेव्हा तू का बोलत नव्हतीस.

धाकटी

•

१४ ऑगस्ट

धाकटे,

कार्डं नाहीत.

तू लिहिलं होतंस, एकदा भरलं की कार्डांचं काम संपलं. मी भरलं. जुनी शाळा बोलावते तेव्हा मी अजून चित्रकलेच्या तासाला जाते. कार्डांची पाठ कोरी, कागद जाड, हल्ली असा कागद मिळत नाही. मी खोकी तिथे नेली. बाकांवर बसलेल्या मुलांनी ह्यांच्या कार्डांवर चित्रं काढली तर ह्यांना आवडलंच असतं, असं मला वाटलं. अजूनही वाटतं. घरं, ढग, मांजरी काढल्या आणि मुलं ती घरी घेऊन गेली. तेव्हा मला मुळीच वाईट वाटलं नाही, कारण सगळं आत होतं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी प्रबंध आधीच उघडला होता. सूची साफ. मी म्हटलं, अरे वा, धाकटीने केलं वाटतं. मग एक नोंद उघडली. मग दुसरी. मग उठून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

रागावले नाही असं लिहिणार होते. पण रागावले आहे. तुझ्यावर थोडी, माझ्यावर जास्त, आणि त्या यंत्रावर, ज्याला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की बाई, नक्की ना?

परत आणता येतं का ते बघ.

त्यातला एक शेरा तुझ्याबद्दल होता.

वहिनी

•

२० ऑगस्ट

प्रिय वहिनी,

नाही आणता येत. सगळं करून पाहिलं. पुसलेली नोंद कचरापेटीत जाते आणि परत काढता येते. पण नोंदीतला एखादा रकाना रिकामा केला तर तो कुठेच जात नाही, नुसता रिकामा होतो. संगणकवाला माझ्याशी इतका हळू बोलला की मला ऐकू न येताही कळलं.

आयुष्यभर मी दुसऱ्यांना सांगत आले, मूळ प्रत हाताशी आहे याची खात्री केल्याशिवाय काहीही काढून टाकू नका. आणि तुला एका ओळीने विचारलं नाही. मला स्वतःची इतकी चीड आली आहे की काल एका विद्यार्थ्यावर उगाच खेकसले.

छापलेल्या प्रती! त्या पहिल्या चार प्रतींत सगळं आहे. बाईंना विचार, कार्यालयात विचार, त्या परीक्षकांना लिही. आजच.

आणि वहिनी, माझ्याबद्दल काय होतं?

हे का विचारते ते सांगते. तुला बहुतेक ठाऊक नसेल. एकदा त्याने एक लेख मागवला. मी बघितलं तर तो अंक त्याच्याच कॉलेजात येत होता. त्या आठवड्यात माझी बदली झालेली, नवीन गाव, राहायला जागा नाही, मशीन बंद. मी चिठ्ठी पाठवली: ‘स्वतःच्या कॉलेजातलं कपाट उघडायचे कष्ट घे. मी तुझी हमाल नाही.’ मुद्दा बरोबरच होता, आजही तेच म्हणेन. पण त्यानंतर त्याने काही मागवलं नाही. एक लेखही नाही. भेटलो की हसून बोलायचा, नोकरीची चौकशी करायचा, पिशवी उचलायचा. चिठ्ठी मात्र बंद ती बंद. तो मनात राग धरून गेला असंच मी मानत आले. आजारपणात मी येऊन त्याच्या उशाशी बसले, तेव्हा विचारायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, त्या खिडकीचा पडदा ओढ, ऊन येतंय. मी पडदा ओढला. राहून गेलं ते राहूनच गेलं.

म्हणून विचारते. काय होतं ते कळव. वाईट असलं तरी चालेल.

धाकटी

•

१२ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

उत्तराला उशीर झाला, माफ कर. नव्या प्रती काढणं, बांधणी, सह्या, यात दिवस गेले. प्रबंध आता पुढे गेला आहे.

जुन्या प्रतींचं काही चांगलं नाही. छापणाऱ्या दुकानाने आपली फाइल तेव्हाच पुसली. नव्या आल्या की जुन्या नष्ट करायच्या असा कार्यालयाचा नियम आहे, आणि नेमका हाच नियम ते वेळेवर पाळतात. बाईंची प्रतही त्यातच गेली. तिला मी कारण सांगितलं तर बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, “बाई, मला तेव्हाच सांगायचं होतंत.” परीक्षकांना लिहिलं आहे. ते म्हणे परदेशी, मुलाकडे गेले आहेत. कधी येतील कुणाला माहीत नाही आणि प्रत जपून ठेवली असेल असं समजायचं काही कारण नाही.

तुझ्याबद्दलचा शेरा असा होता: ‘धाकटीची फार आठवण येते. तिच्यावर माझा मुळीच राग नाही. गुणी पोर आहे.’

तेव्हा आता मनातून काढून टाक. ऑक्टोबरात ये. खोकी नसली तरी मी आहे.

तुझी
वहिनी

•

२१ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. वाचलं, घडी केली, पर्समध्ये ठेवलं. घरी येऊन पुन्हा वाचलं.

गुणी पोर? दादाने मला जन्मात गुणी म्हटलं नाही. आगाऊ म्हणायचा. आनंदात असला तर अतिआगाऊ. आणि ‘फार आठवण येते’ असं लिहिणारा माणूस मला भाऊ म्हणून मिळालाच नव्हता. तो आईच्या आजारपणात मला पत्र लिहितो तर म्हणतो, ‘आई बरी आहे, गादी बदलली.’

वाचकाने मला असा मजकूर आणून दिला तर मी विचारते: लेख कोणता? साल कोणतं? कुठल्या कार्डावर? तू यातलं काहीच दिलेलं नाहीस. पीएचडीच्या विद्यार्थिनीने असं करावं?

वहिनी, तू हे माझ्यासाठी केलंस हे मला कळतं. वाचून मी रडले, खोटं आहे हे कळूनही रडले, इतकं चांगलं लिहिलं आहेस. पण ते तुझं आहे. तुझं म्हणून दिलं असतंस तर मी जपून ठेवलं असतं. त्याचं म्हणून देऊ नकोस. त्याचं माझ्याकडे फार थोडं आहे, त्यात भेसळ झाली तर मला ओळखता येणार नाही.

आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. मी रागावणार नाही. रजा मिळाली नाही, ऑक्टोबरात इथे मोजदाद आहे, पुस्तकांची. बघू.

धाकटी

•

६ डिसेंबर

प्रिय धाकटे,

पकडलंस. नाही आठवत. तुझ्याबद्दल होतं एवढं पक्कं आठवत होतं, आणि वाचून मी हसले होते एवढं. शब्द गेले. मी टेबलाशी बसून कितीदा आठवायचा प्रयत्न केला, डोळे मिटून, त्याच खुर्चीत. शेवटी त्यांनी काय लिहायला हवं होतं ते लिहिलं. शाळेत एखादं मूल रडत असलं की मी म्हणायचे, आई येते आहे हं आत्ता. ती येतच असते असं नाही. तीच सवय. तुझं सप्टेंबरचं पत्र आल्यावर लाज वाटली, म्हणून इतके दिवस गप्प राहिले.

आता बस आणि वाच.

गेल्या मंगळवारी तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक आले होते, खूप म्हातारे, काठी टेकत. समितीने त्यांना विचारलं, प्रबंधाबद्दल काय मत? ते म्हणाले, “प्रबंध चांगला आहे, पण दुसऱ्या प्रतीतून ती मजेदार सूची का काढली? मी तर आधी तीच वाचली. विमानात.” माझ्या मार्गदर्शक बाई टेबलाखाली पाय हलवायला लागल्या, तिसरीतल्यासारख्या. मग परीक्षकांनी पिशवीतून काळी बांधणी काढली. पहिली प्रत! त्यांच्याही एका जुन्या लेखावर ह्यांचा शेरा आहे, ‘बरं लिहितो. वाक्यं लहान करावीत.’ त्याखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली होती. म्हणाले, “हे मला चाळीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं कुणीतरी.” मी पास झाले, ते सांगायचंच राहिलं. प्रत त्यांनी मला दिली. त्यांच्यासाठी सूचीची झेरॉक्स काढून द्यायची या अटीवर.

मी घरी येऊन चपला न काढता तुझं शोधलं. आता संदर्भासकट देते, अगदी रीतसर. ‘वर्गातील उजेड आणि आसनांची मांडणी’ या लेखाचं कार्ड. शेरा:

‘हा अंक आमच्याच कॉलेजात आहे. तरी धाकटीकडून मागवला. झेरॉक्स तिरकी काढते, पण सोबत पत्र येतं.’

असं एकच कार्ड नाही, धाकटे. मी भरताना एकेक करून भरत होते, अकारविल्हे, म्हणून माझ्या ध्यानात आलं नाही. आता शेऱ्यांच्या सालाप्रमाणे लावून वाचलं. ‘हाही इथे आहे. मागवला.’ ‘इथे आहे. मागवला. तिच्या नळाला पाणी आलं.’ ‘मागवला. मालकीणबाई त्रास देते, एकदा जाऊन यावं.’ अशी कितीतरी. मग तुझी ती बदली झाली त्या सालापासून पुढे सगळ्या कार्डांवर दोनच शब्द आहेत, ‘इथेच मिळाला.’ लेखावर काही नाही, घरावर काही नाही. ‘इथेच मिळाला.’ शेवटच्या कार्डापर्यंत.

राग नव्हता गं. निमित्त संपलं होतं. नुसतं पत्र लिहायचं, काही काम नसताना, हे ह्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मी शिकवायला हवं होतं. मी तर शिक्षिका.

सगळे शेरे आता ‘टीप’च्या रकान्यात भरते आहे, हळूहळू. तू हात लावू नकोस! बघायला मात्र ये.

तुझी
वहिनी

•

१३ डिसेंबर

प्रिय वहिनी,

अभिनंदन, डॉक्टरीणबाई. ते आधी.

पत्र काल दुपारी आलं. मी काउंटर पोरींवर सोपवून खाली तळघरात गेले आणि जुन्या रद्दीच्या गठ्ठ्यांवर बसून राहिले. कुणीतरी शोधायला आलं तेव्हा वर आले. आजही काम सुचत नाही, म्हणून मोठं पत्र लिहीत नाही.

एक लेख हवा आहे. ‘वर्गातील उजेड आणि आसनांची मांडणी’. तो अंक आमच्याकडे आहे, माझ्या खुर्चीमागच्या कपाटात, बसल्या जागी हात पुरेल इतका जवळ. तरी तू पाठव.

झेरॉक्स कशीही काढ. सोबत पत्र घाल.

धाकटी